वालातली वाट

हातात मावेल असं जीपीएस यंत्र मी घेतलं तेव्हा बायको म्हणाली, "बरं केलंस. भाजी आणायला निघालास की सुकापूरला पोचतोस." यंत्र डोंगरासाठी आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तिथे तर लोकांच्या मागून चालतोस."

ते खरंच होतं. आमच्या नवीन पनवेलच्या कंपूत डोंगर चढणारे बरेच होते. मी चढल्याचा पुरावा ठेवणारा. म्हणूनच तीन हिवाळ्यांत सहा जणांनी आपापल्या यंत्रात साठवलेले ट्रॅक एकत्र करून डोंगरावरच्या सगळ्या वाटांचा एकच नकाशा करायची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली.

काम वाटतं तितकं सोपं नाही. एकाच वाटेने सहा जण गेले तरी रेघा सहा उमटतात, आणि दाट झाडीत एखाद्याची रेघ दरीत उडी मारून परत वर येते. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, बाबा रे, तीस मीटरच्या आतल्या रेघा एकच समज, आणि रेघा भेटतील तिथे नाका धर. त्या गुंत्यातून वाटांचं जाळं निघतं. हे सगळं पंख्याखाली, चहा पीत. उंटावरून शेळ्या हाकण्यात इतकी मजा असते हे मला तेव्हा कळलं.

पायथ्याच्या वाडीजवळ सॉफ्टवेअरने चक्क पाच वाटांचा नाका काढला. त्यातली एक वाट सरळ खाली डांबरी रस्त्याला जात होती, नेहमीच्या वाटेपेक्षा वीस मिनिटांनी जवळची. मी हरखलो. शेजारी 'जुना व्यापारी मार्ग असावा' अशी टीपही लिहिली आणि नकाशा इंटरनेटवर टाकला. लोकांनी धडाधड उतरवून घेतला. नुकते स्मार्टफोन आले होते आणि जो तो डोंगरात हरवायला उतावीळ झाला होता.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या नाक्यावर पोचलो तेव्हा तिथे वाडीतली एक मावशी विळा घेऊन उभी होती. आम्ही तिला ओळखत होतो. दर वर्षी तिच्याच शेतात आमची पोपटी लागायची, म्हणजे मडक्यात शेंगा भरून भोवती जाळ करायचा. त्या वालाच्या शेंगाही तीच काढून द्यायची.

"दादा, हितं वाट नाय," ती म्हणाली. "माजा वाल हाय. दर रविवारी लोक येतात नि सरळ मधनं जातात. इचारलं तर फोन दाखवतात. भात खायाला जातं, हातात पैका येतो तो ह्या वालाचा."

मी माझा फोन हळूच खिशात घातला.

तो नाका म्हणजे आमची पोपटीची जागा. ती मला डोळे मिटून सापडली असती. पडद्यावर मात्र ओळखू आली नव्हती. मडकं शिजेपर्यंत सहाच्या सहा यंत्रं चालू राहिली होती. एक जण मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला आणायला गेला, एक लाकडं आणायला, एक विहिरीवर, एक झुडपामागे, ज्याचं कारण टिपेत लिहिण्यासारखं नाही. आणि तळोज्याच्या कारखान्यातल्या आमच्या मित्राला दुसरी पाळी गाठायची होती, म्हणून तो शेतातून आडवा खाली धावला होता. तोच माझा जुना व्यापारी मार्ग.

त्याच संध्याकाळी मी नाका पुसला, वाट पुसली, 'जुना नकाशा वापरू नका' असं जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहिलं. बायको म्हणाली, "पुसलंस ते तुझ्याकडचं. लोकांच्या फोनमधलं?" मी तिच्यावर उगाच चिडलो.

वर्षभराने अनोळखी लोकांनी पाठवलेले नवे ट्रॅक मी जाळ्यात घातले, तर ती वाट पुन्हा हजर, आणि आधीपेक्षा ठसठशीत. सॉफ्टवेअर बिघडलंय, असं स्वतःला बजावत मी रविवारी एकटाच गेलो.

सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. वालाच्या मधोमध दोन हात रुंद, पायांनी घट्ट झालेली पांढरी वाट पडली होती. दोन्ही कडांना मावशीने बोरीच्या काट्या लावल्या होत्या, वाट सोडून कुणी आत शिरू नये म्हणून.

"किती जणांना अडवू, दादा? पेरलं तरी तुडवतात," ती म्हणाली. "तेवडी पट्टी सोडून दिली."

ही सगळी करणी माझी, हे मी तिला सांगितलं. सांगताना मान वर होईना. शेंगा खुडता खुडता तिने विचारलं, "मग आता तरी तुमचा नकाशा बरोबर हाय ना?"

मी हो म्हणालो. नकाशा अगदी बरोबर होता.