मशेरीच्या तव्यावर पाणी

तुमच्या आईने सांगितलं असेल, आजीला व्यसनमुक्ती समितीतून काढलं. काढलं नाही, बोलवायचं बंद केलं. का, ते माझ्याकडूनच ऐका.

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या गावात मुलं नशेला लागू नयेत म्हणून शाळा, बोटमालक, दुकानदार आणि बचत गटाच्या बायका असे सगळे एकत्र आले. इंग्रजीतले अर्ज लिहायला मी. शाळेजवळच्या टपऱ्यांवरचा गुटखा बंद झाला, आणि त्याचं श्रेय मी त्यांना देते.

पुढच्या बैठकीत मी मशेरीचा विषय काढला. तुम्ही ती पाहिलेली नाही. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. इथे घरोघरी बायकांची सकाळ त्यानेच होते. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी नववीतली मुलगी, एका मासळीवालीची लेक, तिची दाढ दुखली म्हणून आईनेच तिला मशेरी दिली. दाढ काढून टाकली, मशेरी राहिली. आता ती लावल्याशिवाय मुलीचं डोकं ठणकतं, ती वर्गातून उठून जाते.

समितीचे अध्यक्ष, मोठे बोटमालक, हसले. "बाई, ती दात घासायची वस्तू. उद्या चुलीवर बंदी घालाल!"

"मग काय, बोंबलानं घासायचे दात?" मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

आईबरोबर आलेली ती मुलगी उठली. "मला सोडायचीय. पण सकाळी भाजतात ना, वास आला की राहवत नाही."

हसणं थांबलं. आईने मान खाली घातली. अध्यक्ष म्हणाले, "हे घरातलं घरात बघा. पुढचा विषय, फलक."

फलक! एवढीशी पोर भर सभेत मदत मागते, आणि यांना फलकाचा रंग ठरवायचाय!

मुलीच्या आईने मात्र त्याच दिवशी घरातलं भाजणं बंद केलं. तरी वास यायचाच, कारण कुंपणापलीकडे अध्यक्षांचं घर. मी सकाळी तिथे गेले. त्यांची आई अंगणात चुलीपुढे बसली होती, तवा धुमसत होता.

"काकी, मागच्या बाजूला भाजा ना. निदान परीक्षा होईपर्यंत."

"माझ्या अंगणात काय भाजायचं ते तू सांगणार? पोरीला सांग, नाक दाब." त्यांनी डबी पुढे केली. "घे, लाव थोडी. डोकं थंड होईल."

कुंपणापलीकडे ती मुलगी आपल्या दारात उभी होती, ओढणी नाकाला लावून. मी बादलीतून तांब्या भरला आणि तव्यावर ओतला.

"मेली! इंग्रजी शिकून हेच शिकली!" काकी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. त्यानंतर मला बैठकीचं बोलावणं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तवा पुन्हा त्याच जागी. म्हणून ती आता उजाडताच दप्तर घेऊन माझ्याकडे येते, शाळेची वेळ होईपर्यंत इथेच असते. माझ्यावरच चिडते, पेन आपटते, बडीशेप चघळत पुन्हा पुस्तक उघडते. काही सकाळी हरते. पण येते.

फलक लागलाय. 'आमचं गाव, व्यसनमुक्त गाव.' ती तो रोज वाचते, शाळेत जाताना. अध्यक्षांचं अंगण टाळून, लांबच्या वाटेने.