आभारांचे भाऊ टिपणीस

कल्याणात त्या काळी कार्यक्रम कुठलाही असो, वाचनालयाचा वार्षिक उत्सव असो की व्यायामशाळेचं बक्षीस वाटप, शेवटी आभार मानायला उभे राहायचे ते भाऊ टिपणीसच. पोस्टातली नोकरी, काळी टोपी, इस्त्रीचा कोट आणि आवाज असा खणखणीत, की मागे पेंगणारा माणूसही दचकून टाळ्या वाजवायचा. सतरंज्या घालणाऱ्या गड्यापासून अध्यक्षांपर्यंत एकही नाव त्यांच्याकडून सुटायचं नाही. लोक वक्त्याला विसरत आणि भाऊंचे आभार लक्षात ठेवत. भाऊंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांच्या घरी भाजी घालायची कातळपाड्याची ठमाबाई. कातळपाडा ही उल्हास नदीकाठची आगऱ्यांची वस्ती. पावसाळा सरून पाणी ओसरलं की काठाच्या गाळात वांगी, मुळा, काकडी लावायची आणि त्यावर वर्ष काढायचं, ही तिथली रीत.

एकोणीसशे त्रेपन्नच्या थंडीत एका सकाळी ठमाबाई डोक्यावरची टोपली न उतरवताच दारात उभी राहिली. सोबत तिचा भाऊ विश्राम होता. सरकार नदीला बंधारा घालणार होतं. शहराला पाणी हवं होतं, नव्या कारखान्यांनाही हवं होतं. जागा दोन पाहिल्या होत्या. एक पाड्याच्या खाली, दुसरी वर, खडकापाशी. खाली बांधला तर पाणी तुंबून पाड्याच्या भाजीच्या वाड्या कायमच्या बुडणार, वर बांधला तर वाचणार. जागा पक्की करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून इंजिनिअर साहेब येणार होते आणि शाळेच्या हॉलमध्ये सभा होती.

"भाऊ, आमचा बोलना सायबाला नाय समजाचा," विश्राम म्हणाला. "तुमी बोला. येवढाच सांगा, बंधारा खडकापाशी घ्या."

"अरे, एवढंच ना? बोलतो की!" भाऊ म्हणाले. नंतर आरशासमोर उभं राहून त्यांनी भाषणाची तयारीही केली. प्रमोदिनीबाई, त्यांची पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "फुलं जरा कमी उधळा हो. मुद्द्याचं बोला." भाऊ हसले.

सभेला पाडा झाडून आला होता. ती मंडळी मागे सतरंजीवर बसली, भाऊ मात्र पुढे खुर्चीवर. शहरातली वजनदार माणसं बोलायला उठली आणि बसायचं नाव घेईनात. एका वकिलांनी तर भगीरथापासून सुरुवात केली. साहेब घड्याळ पाहू लागले तसे अध्यक्ष भाऊंच्या कानाशी वाकले. "भाऊ, साहेबांना गाडी गाठायची आहे. तुमचं काय ते आभारातच उरका."

आभारात! भाऊंना वाटलं, हे तर आपलं घरचं मैदान. आधी रीतसर आभार मानू आणि शेवटी हळूच पाड्याचं म्हणणं मांडू.

ते उठले. साहेबांचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, हॉल देणाऱ्या शाळेचे मानले. पाणी देणाऱ्या शिपायाचेही मानले, त्यावर हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. भाऊंना चेव आला. जीभ रोजच्या वाटेने सुटली आणि तिला कोण आवरणार? "आणि शेवटी," हात मागच्या सतरंजीकडे करून ते म्हणाले, "हातातली कामं टाकून इथवर आलेल्या आणि या योजनेला एकमुखाने आशीर्वाद देणाऱ्या कातळपाड्याच्या ग्रामस्थांचेही मनःपूर्वक आभार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण काय बोलून बसलो हे भाऊंना तेव्हा कळलं. मागे विश्राम उभा राहिला होता, त्याने हात वर केला होता. भाऊंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळा हॉल उभा राहिला. विश्रामनेही हात खाली घेतला आणि तो ताठ उभा राहिला.

राष्ट्रगीत संपल्यावर तरी बोलता आलं असतं. पायऱ्यांवर साहेबांनी स्वतः भाऊंचा हात हातात घेतला. "फार छान बोललात. गाववालेच राजी आहेत म्हटल्यावर प्रश्न मिटला." तिथे एक वाक्य पुरलं असतं. भाऊ म्हणाले, "आपली कृपा."

दुसऱ्या दिवशी ठमाबाई आली ती कोवळी वांगी घेऊन. "आमच्या पाड्याचा नाव घेतलात, सायेब कवढा हसला!" ती म्हणाली. भाऊंची ती शुद्ध मराठी तिच्या डोक्यावरून गेली होती. भाऊंनी मान खाली घातली आणि वांगी घेतली. त्या रात्री भरली वांगी त्यांनी ताटात तशीच ठेवली. स्वतःची अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

बंधारा खालीच झाला. वाड्या पाण्याखाली गेल्या. ठमाबाई आता बाजारातून भाजी विकत घेऊन दारोदार फिरू लागली. "तुमी बोललात, सायबानीच नाय ऐकला," असं ती म्हणायची, आणि दर वेळी भाऊंना धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं. आभाराचं बोलावणं आलं की ते घसा बसल्याचं सांगू लागले. गाव म्हणे, भाऊ थकले. खरं सांगायची छाती मात्र त्यांना झाली नाही.

चार-पाच वर्षांनी साहेब पुन्हा येणार असं कळलं. बंधाऱ्याची दारं वर्षातून केव्हा उघडी ठेवायची हे लोकांना विचारून ठरणार होतं. पावसाळा सरताच उघडली तर पाणी ओसरून निम्म्या वाड्या पुन्हा पिकणार होत्या. भाऊंनी मनाशी ठरवलं, या वेळी बोलायचं, सगळ्यांसमोर, आपल्या चुकीसकट. त्याच संध्याकाळी विश्राम दारात आला. भाऊ लगबगीने उठले. "ये, विश्राम. मी बोलणार आहे या वेळी. काळजी करू नकोस."

विश्राम उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि भाऊंना तेच सोसवेना.

"नको, भाऊ," तो म्हणाला. "त्या दिसाचा मला समदा समजला व्हता. ठमीला नाय सांगितला, तिचा तुमच्यावर जीव हाय. आता आमचा आमी बोलू, मोडका-तोडका." मग जाता जाता वळून म्हणाला, "तुमी आभार माना. ते तुमाला चांगला जमतं."