थंड इंजिनाची दोन मिनिटं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात मनापासून पूजा केली ती एका गाडीची. देवाला हात जोडायचे तेसुद्धा रस्त्यावरूनच, चप्पल न काढता. पण सकाळी गाडी सुरू केली की दोन मिनिटं हा माणूस स्टेअरिंगवर हात ठेवून गप्प बसायचा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय द्यायचा नाही, गाडी हलवायची नाही. इंजिन आपलं खुरखुर चालू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रामनगरात भाड्याच्या जीपा पुष्कळ होत्या, पण आमच्या गल्लीत टर्बोची डिझेल गाडी आमचीच. गोव्याला नाहीतर बेळगावला जाणारी माणसं मुद्दाम तिच्यासाठी थांबायची, कारण दहा जणं कोंबली तरी ती घाट चढताना कुरकुर करायची नाही. टर्बो म्हणजे काय ते मी परातीत पीठ मळत असताना नवऱ्याने मला समजावलं होतं. इंजिनाच्या बाजूला एक लोखंडी डबा, गोगलगाईसारखा. त्यात पंखा गरगरा फिरतो आणि इंजिनात जादा हवा ढकलतो, म्हणून चढाला जोर येतो. त्या पंख्याच्या दांड्याला सारखं तेल लागतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि तिथवर पोचायला वेळ घेतं. तोवर गाडी दाबली की दांडा कोरडा फिरतो आणि झिजतो.

हे शहाणपण आम्हाला फुकट आलेलं नव्हतं. आदल्या पौषात आमचा पहिला टर्बो गेला तो असाच. जुन्या जीपची सवय, सकाळी सुरू केली की गरम व्हावी म्हणून खच्चून दाबायची. रामनगरचं धुकं तुम्हाला माहीत नाही; सकाळी आठपर्यंत समोरचं घर दिसत नाही आणि कौलांवरून पाणी ठिबकत असतं. बेळगावच्या मेस्त्रीने टर्बो बदलून दिला आणि बजावलं, थंडीत दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची, पुढचे दोन-तीन मैल हळू न्यायची. तेव्हापासून नवरा रात्री बॉनेटवर घोंगडं टाकू लागला आणि सकाळी दोन मिनिटं ध्यान लावू लागला. मी उंबऱ्यातून विचारायची, झाली का आरती, प्रसाद वाटू का? तो हसायचासुद्धा नाही.

आमच्या दोघांत उतावळी मी. भात शिजायच्या आधी झाकण उघडून बघणारी.

त्या वर्षी पौषातच, एका सकाळी सहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या फोनवाल्याने दार वाजवलं. तालुक्याच्या गावाहून, जोयड्याहून फोन आला होता. माझं माहेर दिग्गीच्या अंगाला, जंगलातली पाच-सहा घरं. तिथे फोन नव्हता, म्हणून धाकट्या भावाने गावातल्या एकाला मोटरसायकलवरून अंधारातच जोयड्याला पाठवलं होतं. आई पहाटे गेली. दुपारपर्यंत थांबतो, अक्काला घेऊन या, एवढाच निरोप.

दुपारपर्यंत. म्हणजे सहा तास हातात होते आणि वाट फार तर अडीच-तीन तासांची. हे आज मला बोटांवर मोजता येतं. त्या वेळी मला काही कळत नव्हतं. मी लुगडं कसं नेसले ते आठवत नाही. आईचं तोंड एकदा बघायचं, एवढंच डोक्यात होतं. गेल्या दिवाळीला ती ये म्हणाली होती आणि मी भाताची मळणी आहे म्हणून गेले नव्हते.

नवऱ्याने घोंगडं काढलं, गाडी सुरू केली आणि सवयीने बसून राहिला. काच दवाने पांढरी झाली होती. मी म्हटलं चला. तो म्हणाला, दोन मिनिटं थांब, लई गार हाय. मी पुन्हा म्हटलं. तो पुढे बघत राहिला. मग मी जे बोलले ते माझ्याच तोंडून गेलं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"तुमची आई गेली असती तर बसला असता काय असा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गिअर टाकला आणि गाडी दाबली. गल्लीच्या तोंडाशी टर्बोची शिट्टी वाजली, नेहमीपेक्षा चिरकी. मला ती ऐकून बरं वाटलं. वाटलं, निघालो एकदाचे. पुढेही तो जरा सावकाश घेऊ लागला की मी रडायची, आणि तो पुन्हा दाबायचा.

गणेशगुडीला काळी नदीचा पूल ओलांडला आणि चढ लागला. अर्ध्या चढावर शिट्टीची किंकाळी झाली, मग कर्कर आवाज आला आणि गाडीचा जोरच गेला. मागे वळून पाहिलं तर निळा धूर, रस्ता दिसेनासा झालेला. नवरा उतरला, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली आणि तिथेच उभा राहिला.

"टर्बो गेला. तेल सगळं त्यातनं जळाय लागलंय," तो म्हणाला. "आता पुढं न्हेली तर इंजिनच जाम हुईल."

"हुंदे," मी म्हटलं. "माझी आई हाय ती."

त्या गाडीवर आमचं घर चालत होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याने पट्टी पुसून जागेवर ठेवली, बॉनेट लावलं आणि येऊन बसला. धूर ओकत, बैलगाडीच्या चालीने आम्ही अजून मैलभर गेलो असू. मी आत बसूनच समोरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून गाडीला ढकलत होते, वेड्यासारखी. मग इंजिनात काहीतरी धाडकन बसलं आणि सगळं थांबलं. नवऱ्याने चावी फिरवून पाहिली. इंजिन जागचं हललं नाही.

त्यानंतरची वाट मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. एक लाकडांची लॉरी आली ती उलट्या दिशेची. एक जीप आली, माणसं टपावर बसलेली, थांबलीच नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहायची आणि नवरा मला दंडाला धरून बाजूला घ्यायचा. साडेदहाला एस.टी. आली, तिने जोयड्याला टाकलं. दिग्गीकडची गाडी संध्याकाळी. बाजारात ज्याच्या त्याच्या पाया पडत फिरले. एका दुकानदाराने शेवटी त्याच्या मुलाला मोटरसायकल घेऊन पाठवलं, तीही ओढ्यापाशी पंक्चर झाली. तिथून चालत. मी पळायची, धाप लागून बसायची, पुन्हा पळायची. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा मी वर बघायचं सोडून दिलं.

पोचलो तेव्हा माणसं ओढ्यावर अंघोळ करून ओल्या कपड्यांनी परत येत होती. झाडांपलीकडे धूर होता. ओटीवर, आईला जिथे ठेवलं होतं तिथे, दिवा लावला होता आणि जमीन सारवून ओली होती. मी त्या ओल्या जमिनीवर हात ठेवून बसले.

भाऊ समोर आला. "दोनपातूर थांबलो अक्का. लांबनं आल्याली माणसं, रान तुडवत अंधाराआधी परत जायाची. मी हितनंच जीप धाडणार हुतो तुला. पर म्हटलं, दाजींची टर्बोची गाडी हाय, येतीलच." मग तो नवऱ्याकडे वळला आणि विचारलं, काय झालं.

मला तोंड उघडायचं होतं. रामनगरात माझ्या तोंडाला शेजारीपाजारी टरकून असतात. नवरा माझ्या पुढे झाला.

"माझीच चूक," तो म्हणाला. "गार गाडी दाबली मी. ही थांबा म्हणत हुती."

भाऊ त्याला नको ते बोलला, सगळ्या गावासमोर. चार जाणत्यांनी माना हलवल्या. एवढा जुना डायवर आणि एवढी अक्कल नसावी, असं कुणीतरी म्हणालं. नवरा खाली बघून ऐकत राहिला. मीही खाली बघत होते.

त्याने हे का केलं ते मी त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही तो विषय काढला नाही. गाडी भंगारात गेली आणि तो दुसऱ्याच्या ट्रकवर लागला. आईच्या श्राद्धाला आम्ही दोघं दरवर्षी जातो. भाऊ सगळ्यांना हाताने वाढतो. दाजींच्या पानाशी आला की भांडं बायकोच्या हातात देऊन पुढे जातो. जाताना वाटेत दरवर्षी मी ठरवते, या खेपेला सांगायचं. आणि जेवून परत येते.