भुरीबाई नसाबीत बसली

फुलसावंगीच्या पल्याडच्या एका तांड्यात भुरीबाई राहते. तांडा तिला ‘याडी’ म्हणतो, म्हणजे आई. पण तिच्या तोंडाला लागायला मात्र सगळेच भितात. शेतातून तिनं हाक मारली तर घरचं कुत्रं उठून बसतं.

मागच्या मे महिन्यात नसाबीनं, म्हणजे तांड्याच्या पंचायतीनं, पूनमसिंगची मोटर सामाईक विहिरीवरून काढायला लावली. तो पाणी चोरून ओढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारू पिऊन तो तांड्याच्या मधोमध उभा राहिला. हातात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा.

“तीनपैकी एका इहिरीत टाकलं! कोन्त्या, थे पिऊन पाहा!”

त्याला निंबाला बांधलं. विचारून पाहिलं, शपथा घातल्या. तो नुसता दात काढायचा. शेवटी तांड्याच्या नायकाचा, म्हणजे प्रमुख खेमसिंगचा, भाऊ देवीलाल घरून पकड घेऊन आला. नखं ओढायला.

या तांड्याची एक रीत आहे. नसाब बसली की निकाल लागेपर्यंत आरोपीच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. म्हणूनच त्या दिवशी कुणी बसत नव्हतं. सगळे उभेच.

“नसाब मंग बसवू,” खेमसिंग म्हणाला. “आंधी याले बोलता करू.”

बायका लांब उभ्या होत्या. त्यांच्यातून भुरीबाई निघाली, सरळ निंबाखाली आली आणि मांडी घालून बसली.

“घ्या. बसली नसाब.”

“याडी, बाईच्या बसण्यानं नसाब होते का?” देवीलाल हसला.

“तुले जन्माले घालाले बाई चालली, अन् बसाले नाई चालत?”

दोन म्हातारे खाली मान घालून हसले आणि तिच्या बाजूला टेकले. मग नायकालाही उभं राहता येईना.

“याडी, धावजीभाऊची गोष्ट येगळी होती,” तो समजुतीनं म्हणाला. धावजी म्हणजे भुरीबाईचा नवरा. तरुणपणी चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचलून नेलं होतं. परत आला तेव्हा घास तोंडापर्यंत न्यायला हात वळत नव्हता. “थो बिनगुन्ह्याचा होता. यानं तं सोताच्या तोंडानं कबूल केलं.”

“बिनगुन्ह्याचा होता म्हणून माराले नव्हतं पाह्यजे, अन् गुन्हेगार हाय म्हणून नखं ओढा? मी थे नाई म्हणून राह्यली. मी म्हणतो, कोणाचेच ओढू नका.”

“अन् खरं बोलला तं? तांडा वाचते!”

“बोलला तरी नाई.”

“काहून पण?”

“नाई म्हणजे नाई! यानं डबा ओतला थो एकट्यानं, रागात. तुमी सारे मिळून, शुद्धीत, दिवसाढवळ्या करून राह्यले. मंग याच्यात अन् आपल्यात काय फरक? पकड?”

देवीलालनं मर्मावर बोट ठेवलं. “तुही नात बबिता त्या पाण्यानं तडफडत असती, तं?”

भुरीबाईनं मान वळवून पाहिलं. बबिता तिथेच, आईच्या पदराआड उभी होती.

“तं म्याच याचा गळा धरला असता,” ती म्हणाली. “म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, शुद्धीत हाय तवर. तशी येळ आली तं मलेबी याच्या बाजूले बांधजा.”

देवीलालनं पकड खिशात घातली. पूनमसिंगनं विहीर काही सांगितली नाही. ना तेव्हा, ना नंतर.

मग एकच उरलं. तिन्ही विहिरी उपसायच्या. मोटरी लावल्या आणि ऐन मे महिन्यातलं पाणी, चांगलंही आणि विषारीही, एकाच नालीतून वाहून गेलं. तळाचा गाळ काढायला पहिली भुरीबाई उतरली. बायका लांबून डोक्यावर पाणी आणायच्या आणि तिच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं शिव्या द्यायच्या. विहिरी उपसल्या त्याच दिवशी खेमसिंगचं वासरू नालीचं पाणी पिऊन मेलं. त्यानं ते ओढत आणून तिच्या उंबऱ्यासमोर टाकलं.

“हे घे तुह्या नसाबीचा निकाल!”

“माह्यापाईच मेलं,” ती म्हणाली. “नाई म्हणत नाई. पण उद्या परत तशीच येळ आली तं परत तिथंच बसीन.” आणि खड्डा खणायला लागली.

पूनमसिंगला पोलीस घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी भुरीबाई भाकरी बांधून ठाण्यात हजर.

“कोण लागतो तुमचा?” हवालदारानं विचारलं.

“वैरी. पाहू द्या त्याले. आमी हात नाई लावला, तुमीबी लावू नका. मी रोज येऊन पाहीन.”

“आजी, ठाणं तुम्ही चालवता का आम्ही?”

“चालवा नं तुमी. मी पाह्यतो फक्त.”

गजाआडून पूनमसिंगनं तिला पाहिलं आणि तिच्या दिशेनं पचकन थुंकला. हवालदार धावला. भुरीबाईनं त्याला हातानंच थांबवलं, पदरानं पाय पुसला.

“थुंकू द्या,” ती म्हणाली. “दात जाग्यावर हायेत, थे दिसलं.”