साच्यावर फोडलेला नारळ

कार्बनच्या कापडापासून विमानाचा भाग करायचा तर आधी साचा लागतो. साच्यावर राळेत भिजलेलं कापड थरावर थर थापायचं, वरून पिशवी लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि सगळं दाबाच्या भट्टीत भाजायचं. इतकं सोपं आहे, असं मी पाहुण्यांना सांगते. अवघड असतो तो साचा. भट्टीत कार्बन जवळजवळ फुगत नाही, साधा धातू फुगतो. म्हणून आमच्याकडे परदेशातून आणलेल्या खास मिश्रधातूचे साचे असत. एकेका साच्याच्या किमतीत बंगला झाला असता, आणि त्यातून भाग निघायचे मोजकेच. दोन माणसांच्या खिचडीला लग्नाचं पातेलं.

मी म्हटलं, साचाही कार्बनचाच करू. दोघं एकाच घरची, भट्टीत सारखीच वागतील. साहेब म्हणाले, "करके देखिए." साहेबांनी हे वाक्य उच्चारलं की जबाबदारी आपली होते.

हा साचा ग्राहकाच्या तपासणीत पास झाला, तर पुढचं काम आम्हाला, इथे लखनऊलाच मिळणार होतं. नाही झाला, तर आमचा विभाग गुंडाळून आम्हाला नाशिकच्या शाखेत पाठवणार होते. माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली त्याच उन्हाळ्यात नाशिकला झालेली. शाळेचं वर्ष बुडायला नको म्हणून लेकही त्याच्याबरोबर गेली. इथल्या निशातगंज भागातल्या भाड्याच्या घरात मी आणि घरमालकिणीची मांजर उरलो. मला नाशिकला जायचं होतं, मनापासून. आणि साचा पास व्हायला हवा होता, तोही मनापासून. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा मावत होत्या, ते मला विचारू नये.

साचा तयार झाला आणि विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी कारखान्यात भट्टीपासून कात्रीपर्यंत सगळ्यांना टिळा लागतो, झेंडूच्या माळा चढतात आणि बुंदीचे लाडू वाटले जातात. नव्या साच्याचा मान पहिला. मागे कधीतरी चहा पिताना मी सांगितलं होतं की आमच्याकडे महाराष्ट्रात नारळ फोडल्याशिवाय साधी स्कूटरसुद्धा सुरू करत नाहीत. साहेबांनी ते लक्षात ठेवलं होतं. माणूस तसा प्रेमळ.

"इस बार मैडम के यहाँ का रिवाज होगा," असं म्हणत त्यांनी मागून नारळ काढला. मला भरून आलं. परक्या गावात आपला नारळ कोण आठवणीने आणतं? आमच्याकडे तो स्कूटरसमोर दगडावर फोडतात, स्कूटरवर नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. साहेबांनी दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि साच्याच्या कडेवर आदळला. जुन्या मिश्रधातूच्या साच्याला त्याने काहीच झालं नसतं. त्यावर हातोडेसुद्धा पडून गेले होते.

नारळ फुटला. त्याबरोबर आणखीही काहीतरी फुटलं. सगळे म्हणाले, "विश्वकर्मा बाबा की जय!"

साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "शुभ हुआ न, मैडम?"

"नारळ फुटला की शुभच असतं, सर," मी मराठीतच म्हणून गेले. ते समाधानाने हसले.

खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मला आधी बरं वाटलं. साचा गेला, माझी काही चूक नाही, आणि नाशिक नक्की. स्वयंपाकघराचा ओटा, लेकीचा डबा, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग नारळपाणी पुसताना चीर दिसली आणि राग आला. साहेबांचा नाही. चांगली केलेली वस्तू अशी चिरलेली मला बघवत नाही, हा माझा जुना आजार आहे.

महागड्या साच्याला असं काही झालं असतं, तर तो दुरुस्तीला परदेशी गेला असता. आमच्या स्वस्त साच्याला आम्हीच घासलं, चिरलेला भाग काढला, नवं कापड लावलं, भाजलं, पुन्हा घासलं. साहेब रोज येऊन लांब उभे राहायचे. चीर नारळानेच पडली, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एकदा हळूच म्हणाले, "हमें लगा था, उसी पर फोड़ते हैं." मी म्हटलं, "होता है, सर."

पुढच्या महिन्यात ग्राहकाचे तपासनीस आले. हवा ओढून पाहिली, गळती नाही. भाग निघाला, मापात बसला. एकाने शंका काढली, की वर्कशॉपमध्ये मार बसला तर हे टिकेल का. साहेब चेहरा जराही न हलवता म्हणाले, "वो टेस्ट हम कर चुके हैं."

काम लखनऊला मिळालं. साहेबांनी माझ्या टेबलावर अख्खा मिठाईचा डबा आणून ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. "पास झाला."

"अरे वा! मला खात्री होतीच," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्याने फोन लेकीकडे दिला. ती लखनऊत वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी तिला चीर, दुरुस्ती, तपासणी, सगळं रंगवून सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "मतलब आप नहीं आ रही हो."

"दिवाळीला येणारच आहे ना गं."

"दिवाली पे तो मेहमान भी आते हैं, आई."