पाटलाघरचं पाणी

कावूनमामा कुणाचंच सरळ ऐकून घ्यायचे नाहीत. 'आज वडवणीचा बाजार आहे' म्हटलं तरी आधी "कावून?", म्हणजे का म्हणून, असं विचारणार, त्यावरूनच हे नाव पडलं. त्यांचा जन्म मेंढरं राखण्यात गेला. मी गावच्या शाळेत मास्तर. अक्षर बरं, म्हणून गावातली प्रत्येक पाटी माझ्याच गळ्यात.

शाळेच्या भिंतीवर मी गावाचा इतिहास लिहिला. निजामाविरुद्ध उठून फासावर गेलेले मामांचे पणजोबा त्यात 'दरोडेखोर' म्हणून आले. मामांना वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेऊन ते माझ्याकडे आले.

"कोनी सांगितलं हे, गुरुजी?"

"सरकारी दप्तरात तसंच आहे."

"कोनच्या सरकारच्या? ज्यानं फाशी देली, त्याच्याच ना?"

मी चिडून वर्गात निघून गेलो.

मामांकडे कागद नव्हता, एक रीत होती. ज्या पाटलानं पणजोबांना जेवायला बोलावून पकडून दिलं, त्या घरचं पाणी मामांच्या घरात चार पिढ्या कुणी प्यालं नव्हतं. "आमचं दप्तर हेच हाय," म्हणायचे.

मग निवडणुकीच्या तोंडावर दरोडेखोराचा एकदम क्रांतिवीर झाला. चौकात पुतळा बसला आणि शेजारी त्याच पाटलाचाही, 'विश्वासू साथीदार' म्हणून. पाटलाचे पणतू आता पुढारी होते ना! मजकूर पुन्हा माझाच. बदलीची भीती होती, खोटं कशाला बोलू?

मामा म्हणाले, "आदी चोर केला, आता देव करायलेत. दोनी बारीला आमाला इचारलं न्हाई."

उद्घाटनाला पुढाऱ्यानं फोटोवाल्यासमोर त्यांच्यापुढं घरचा चहा धरला. मामांनी कप घेतला, ओट्यावर ठेवला आणि मेंढरांकडे निघून गेले. मला आतून फार बरं वाटलं. टाळ्या मात्र पुढाऱ्याच्या भाषणाला वाजवल्या.

गेल्या वर्षी मामा गेले. आमच्याकडे माती देऊन आलं की शेजारपाजारचे कडू घास आणतात, कारण त्या घरात चूल पेटत नाही. त्या दिवशी पिठलं-भाकरीची पाटी सगळ्यांत आधी पाटलांकडून आली. मामांच्या थोरल्याच्या बायकोला पुढाऱ्यानं नुकतंच अंगणवाडीत लावलं होतं. थोरला माझ्याकडे बघत राहिला. मी नजर वळवली. त्यानं घास घेतला, तेव्हा पुढाऱ्याच्या माणसानं समोर मोबाईल धरलेलाच होता.

तेराव्याला पुढाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, पुतळ्याखाली एक ओळ वाढवा. दोनी घरांचं चार पिढ्यांचं खाणंपिणं होतं म्हणून. फोटो हायच."

मी ती ओळ लिहिली. लोक म्हणतात, अक्षर सुरेख आलंय.