मांडणीतला ण

आफ्रिकेतल्या नव्या क्युरेटर्सना वर्षभर आधार द्यायचा, असं आमच्या संस्थेने ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी पोटात दुखलं ते माझ्या. दुबईतल्या या कलासंस्थेत मी बरीच वर्षं प्रदर्शनांची व्यवस्था बघते. चित्रांच्या पेट्या कस्टम्समधून सोडवायच्या, कलावंतांचे व्हिसा काढायचे, रास अल खोरच्या गोदामातला एसी बंद पडला की तिकडे धावायचं. काय मांडायचं, कशाशेजारी मांडायचं आणि त्यातून काय म्हणायचं, हे मात्र क्युरेटर ठरवणार. मला ते करायचं होतं. गल्फमध्ये येऊन संसार थाटणाऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरांवरचं एक प्रदर्शन माझ्या डोक्यात केव्हाचं तयार होतं. डायरेक्टरबाईंना ते मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "नेक्स्ट सीझन, इन्शाल्ला." इथे राहिलेल्या माणसाला कोणतं इन्शाल्ला होकाराचं आणि कोणतं नकाराचं, ते बरोबर कळतं.

मग घानाहून ती आली. तिशीसुद्धा न गाठलेली, उंच, डोक्याला पिवळं कापड झोकात गुंडाळलेलं. तिला प्रवासखर्च मिळाला, घर मिळालं, आमचा मोठा हॉल मिळाला. बाई मला म्हणाल्या, "यू विल सपोर्ट हर." मराठीत याला टेकू म्हणतात. वेल वर चढली की लोक फुलांचं कौतुक करतात, टेकूकडे बघत नाहीत.

बरं, पोरगी उर्मट असती तर माझी सोय झाली असती. ती होती नम्र. मला 'आंटी' म्हणायची, त्यांच्याकडेही मोठ्या बाईला तसंच म्हणतात म्हणे. तेही मला झोंबलं.

तिचा विषय तिच्या गावचा होता. तिथे लेकीला लग्नात इनॅमलची रंगीत भांडी देतात. बायका ती खोलीत छतापर्यंत एकावर एक रचून ठेवतात आणि सहसा वापरत नाहीत. त्या उतरंडींवर तिच्या वयाच्या कलावंतांनी शिल्पं केली होती, फोटो काढले होते. कामं फार सुंदर होती, पण तिला नेमकं काय म्हणायचंय तेच कळत नव्हतं. तिने लिहिलेली पानं जड इंग्रजीने गच्च भरलेली. बाईंनी ती दोनदा परत केली आणि बजावलं, की महिनाअखेर जमलं नाही तर हॉल दुसऱ्याला जाईल. मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"शी इज लोनली, घरी घेऊन जा एकदा," असंही बाईच म्हणाल्या. तेव्हा एका शुक्रवारी तिला बर दुबईच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. भरली वांगी केली. ती ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. तिथे माझ्या आईने दिलेली स्टीलची मांडणी आहे. रुखवतात ठेवलेली, नंतर सामानातून इथे आलेली. ताटं उभी, खाली वाट्या, हुकांना कप.

"आंटी, याला काय म्हणतात?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मांडणी."

एवढ्यावर थांबायचं ना! पण शहाणपणा मिरवायची हौस नडली. मी सांगत सुटले, की आमच्याकडे भांडी लावायच्या या फळ्यांनाही मांडणी म्हणतात, वस्तू नीट रचून ठेवण्यालाही मांडणी म्हणतात, आणि कोणी आपला मुद्दा मुद्देसूद सांगितला तरी म्हणतात, मांडणी छान केली.

तिचा हात ताटातच थांबला. "म्हणजे भांडी रचणं आणि म्हणणं सांगणं, एकच शब्द?"

पुढच्या आठवड्यात तिने नवं पान आणलं. भांडी रचणाऱ्या बायका गप्प नसतात, त्या म्हणणं मांडत असतात, असं साध्या इंग्रजीत लिहिलेलं. वर प्रदर्शनाचं नाव: मांडणी. बाई खुर्चीतून उठल्याच. "ब्रिलियंट! खलास, ठरलं, हेच करायचं." ती लगेच म्हणाली की शब्द आंटींचा आहे. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सी? दॅट्स सपोर्ट!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शब्द नेला याचा राग होताच, पण तो शब्द मला सुचला नाही याचा त्याहून जास्त होता. इतकी वर्षं मी त्या मांडणीखाली उभी राहून पोळ्या लाटल्या. स्वयंपाकघरांवरच्या माझ्या प्रदर्शनाला नाव शोधत होते, आणि ते समोरच भिंतीवर होतं. तिला ते एका जेवणात दिसलं. आता माझं प्रदर्शन कधी झालंच, तरी त्याला ते नाव देता येणार नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी हॉलमध्ये गेले. समोरच्या भिंतीवर स्टिकरची पुरुषभर उंच, काळी देवनागरी अक्षरं चिकटवली होती: मांडनी.

अक्षरं करणारा डिझायनर दिल्लीचा. त्याने कानावर आलं तसं लिहिलं होतं, आणि तिला देवनागरी वाचता येत नसल्यामुळे तिने ते डोळे मिटून मंजूर केलं होतं.

"कसं दिसतंय, आंटी?" चेहरा नुसता उजळलेला.

'छान' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आमच्या हॉलमध्ये मराठी वाचणारी मी एकटी. तिच्या भिंतीवर तिची चूक राहिली असती, आणि मला येताजाता बघून गार वाटलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ते अक्षर मला बघवेना.

"चुकलंय," मी म्हणाले.

डिझायनरला फोन लावला. "मैम, यहाँ कौन पढ़ेगा?" तो म्हणाला. मी म्हटलं, "मैं पढ़ूँगी." संध्याकाळी त्याने नवा 'णी' कापून पाठवला. कामगार तोवर अजमानच्या बसने निघून गेले होते. तिने शिडी धरली, मी वर चढून 'नी' खरवडला आणि 'णी' चिकटवला. शिरोरेघेत केसाएवढा सांधा राहिला.

"तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं," खालून ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

उद्घाटनाला गर्दी लोटली. फुलं तिला, टाळ्या तिला, आणि त्या तिच्या हक्काच्या होत्या, म्हणून तर जास्त जळत होतं. इथेच वाढलेली, शाळेत थोडंफार हिंदी शिकणारी माझी दहा वर्षांची लेक माझा हात धरून उभी होती.

"ममा, व्हिच पार्ट इज युअर्स?"

मी सांध्यापलीकडच्या अक्षराकडे बोट दाखवलं.

"जस्ट दॅट?"

"हो, तेवढंच."

तिने मान वर केली आणि अक्षरं जुळवत तो शब्द सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला: "मांडनी."